निकालाआधीची खोली

समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा इतिहास आपण न्यायालयीन तारखांनी मोजतो : १५ एप्रिल २०१४, ६ सप्टेंबर २०१८. त्यात एका खोलीलाही स्थान हवे. अशोक राव कवी यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या ‘हमसफर ट्रस्ट’ला मुंबई महापालिकेच्या वाकोला येथील इमारतीत जागा मिळाली, तीही कलम ३७७ पूर्णपणे लागू असताना! समुपदेशन, आरोग्यतपासणी, बैठका आणि चार घटका निर्धास्त बसणे तेथे शक्य झाले.

वऱ्हाडाला हे अपरिचित नाही. गाडगेबाबांनी परगावी अडलेल्यांसाठी धर्मशाळा उभारल्या. ज्यांना घरच्यांनीच उंबऱ्याबाहेर काढले, त्या कुष्ठरुग्णांसाठी शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत ‘तपोवन’ वसवले. (साम्य रोगाचे नव्हे, बहिष्काराचे.)

अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे महानगरपालिका आहेत. एक खोली, एक समुपदेशक आणि रविवारची संध्याकाळ देण्यासाठी त्यांना कोणत्याही नव्या निकालाची गरज नाही. नागपुरात ‘सारथी ट्रस्ट’ आहे, हे उत्तर अपुरे आहे. घरी कारण न सांगता अकोल्याहून नागपूरला जाऊन दिवेलागणीपूर्वी परतणे किती जणांना साधेल?