आश्विनातली बालवाडी

सप्टेंबर सरत आला की शहरांतल्या नर्सरीच्या भिंतीवर नवा तक्ता चढतो. वर टपोऱ्या अक्षरांत ‘ऑटम’, खाली मेपलची लाल-नारिंगी पाने, ओकची फळे गोळा करणारी खार आणि गळ्यात मफलर गुंडाळलेला एक गोरागोमटा मुलगा. मुलांच्या हाती वर्कशीट येते. मेपलच्या पानात, रेषेबाहेर न जाता, नारिंगी रंग भरायचा. खिडकीबाहेर उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो आणि झाडे हिरवीगार असतात. आपल्याकडे झाडे वर्षभरात सर्वांत हिरवी कधी असतील, तर ती याच दिवसांत. पाने गळायची ती माघ-फाल्गुनात. पळस, पिंपळ, सावर तेव्हा उघडे पडतात आणि नर्सरीच्या भिंतीवर तेव्हा ‘स्प्रिंग’ आलेला असतो.

मेपलच्या पानाचा यात काही दोष नाही. न्यू जर्सीतल्या किंवा टोरांटोतल्या मराठी घरातले मूल शाळेत जाताना ही पाने तुडवतच जाते, त्याच्यासाठी तो तक्ता खरा आहे. तिथली शिक्षिका हातात टोपली देऊन मुलांना झाडाखाली नेते. पाने वेचायची, मोठी-लहान लावायची, चुरगळून आवाज ऐकायचा. तक्ता येतो त्यानंतर. आपण त्यांच्याकडून पान घेतले, बाहेर पडणे तेवढे घेतले नाही.

हे लिहायला निमित्त दुहेरी आहे. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला, आणि १९७५ साली याच तारखेला, अंगणवाड्या ज्या योजनेखाली चालतात ती एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली होती. म्हणजे त्या दसऱ्याला अंगणवाडी पन्नास वर्षांची झाली. आज एकट्या महाराष्ट्रात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. खासगी नर्सरीच्या तक्त्यांची चर्चा होते, पण राज्यातली तीन ते सहा वयाची किती तरी मुले या अंगणवाड्यांतच बसतात. तिथे मेपल अजून फारसा पोहोचलेला नाही. पोहोचायच्या आत काही बोललेले बरे.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तेव्हा त्यांच्यापुढे उसन्या साधनांचा हाच प्रश्न वेगळ्या रूपात होता. मॉन्टेसोरी पद्धत त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करताना पचवलेली होती. पण त्या पद्धतीची साधने सुबक, लाकडी आणि महाग. खेड्यातल्या बालवाडीला ती परवडायची कशी? त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी समुद्रकाठचे शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने केली. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या पाड्यावर, अंगणात भरू लागली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पैसा नव्हता म्हणून केलेली ही तडजोड, असे याचे वर्णन अनेकदा होते. आम्हाला ते पटत नाही. मोजायला प्लास्टिकचे मणी हाती आले तर मूल मोजायला शिकते. शिंपले आले तर मोजता मोजता हा खरखरीत, तो गुळगुळीत, याला भोक पडलेय, हेही त्याच्या हाताला कळते. साधन स्वस्त होते हे खरे, आणि ते सरसही होते.

आता नवरात्राच्या दिवसांकडे बघा. घटस्थापनेला घरोघरी काळी माती चाळून परडीत किंवा पत्रावळीवर पसरली जाते, त्यात सात किंवा नऊ धान्ये पेरली जातात. शिशुवर्गाला याहून चांगला प्रयोग कोणत्याही पाठ्यपुस्तकाने आजवर दिलेला नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला थांबता येत नाही. पेरले की दुपारी ते उकरून बघते. इथे मात्र दोन-तीन दिवसांत काहीतरी वर येतेच, म्हणजे त्याच्या धीराच्या मापात बसणारी ही शेती आहे. वर्गात ती दोन थाळ्यांत करावी. गहू, ज्वारी, मूग, हरभरा एवढे पुरे. मुलांनीच माती चाळायची, ढेकळे फोडायची, चिमटीत दाणे धरून टाकायचे. (हरभरा नाकात घालणारे एक मूल प्रत्येक वर्गात असते, ताईंना ते आधीच ठाऊक असते.) गहू एकच टोकदार कोंब घेऊन सरळ वर येतो. मूग मान वाकवून येतो, आपल्या दोन्ही डाळी उचलून घेऊन, कधी डोक्यावर सालपट तसेच. हरभऱ्याच्या डाळी मातीतच राहतात आणि नुसता शेंडा बाहेर पडतो. हे कोणी सांगायचे नाही. खाली बसून, नाक थाळीला लागेपर्यंत वाकून, मुलांनाच बघू द्यायचे.

दुसरी थाळी कपाटात ठेवावी. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातले घटाचे अंकुर पिवळेधमक येतात, ते घरी सगळ्यांनी पाहिलेले असतात. उजेडातली थाळी हिरवी आणि बुटकी, कपाटातली पिवळी आणि उंच, अशा दोन्ही शेजारी ठेवल्या की मुले बोलू लागतात. एखादे म्हणेल, हे आजारी पडलेय. म्हणू द्यावे. हरितद्रव्याचा धडा आठ-दहा वर्षांनी येणारच आहे, त्याची इथे घाई नको. कपाटातली थाळी उन्हात ठेवून पुढे काय होते ते बघायचे, एवढाच पुढचा पाठ.

आपट्याचे तसेच. दसऱ्याला फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आपटा मिळाला नाही की कांचनावर हात पडतो, आणि साठ मुलांच्या शाळेने प्रत्येकी जुडी आणायला सांगितली की कुठल्या तरी टेकडीवरचे झाड बोडके होते. वर्गाला एक डहाळी पुरते. आपट्याचे पान मधल्या शिरेवर दुमडले की दोन्ही भाग एकमेकांवर नेमके बसतात. मग कडुनिंबाचे पान दुमडून बघायला द्यावे. त्याच्या देठाशी दोन बाजू जुळत नाहीत, एक बाजू थोडी खाली उतरते. अर्ध्या वर्गाला वाटते आपलेच दुमडणे चुकले, म्हणून दुसरे पान, तिसरे पान. भूमितीतली सममिती याहून वेगळी काय असते?

प्राजक्त पहाटे सांडतो आणि शाळा भरेपर्यंत मलूल होतो. ज्याच्या दारी झाड आहे त्याने वाटीभर फुले आणावीत. नारिंगी देठ कागदावर घासला की केशरी-पिवळा रंग उमटतो. मैदानात एक फेरी मारून आले की मोज्यांना कुसळे चिकटलेली असतात. ती काढताना आया वैतागतात, पण गवत आपले बी कसे गावभर पाठवते, याचा तो चालता-बोलता पुरावा आहे. आणि नारिंगी भोपळाच हवा असेल तर तो परदेशातून आणायला नको. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी प्रत्येक मराठी मुलाच्या ओळखीची आहे. भाजीवाल्याकडून फोड आणावी, बिया मोजाव्यात, धुवून वाळवाव्यात.

या सगळ्यांत आमच्या मते सर्वांत कमी ओळखला गेलेला खेळ भोंडल्यातला आहे. सूर्य हस्त नक्षत्रात आला की पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरायचा. कोल्हापूर-साताऱ्याकडे हादगा, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. गाणी सगळ्यांना आठवतात. पण शिक्षणाच्या दृष्टीने खरी गंमत शेवटी आहे, झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखण्यात. डबा हलवून दाखवतात. खुळखुळतेय की थबथबतेय? गोड की तिखट? लहान मुले पहिल्या दिवशी आपल्याला हवे ते ओरडतात: चॉकलेट, आइस्क्रीम. दोन-चार दिवसांत फरक पडतो. कोणीतरी म्हणते, आवाज आला म्हणजे शिरा नाही. वास आला म्हणजे लाडू असेल. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल खुणांवरून अंदाज बांधायचा, एकेक शक्यता बाद करायची आणि चुकले तरी हसून पुढचा अंदाज करायचा, ही शास्त्रज्ञाची रीत आहे, आणि ती आपल्या आज्यांनी परकर-पोलक्यातल्या मुलींना खेळता खेळता दिली. पूर्वी फेरात फक्त मुली असत. बालवाडीत मुलगेही हवेत. खिरापत खाताना ते मागे नसतातच.

एक शंका रास्त आहे. वर्गातल्या सगळ्यांच्या घरी घट बसत नाहीत. अंगणवाडीत अनेक धर्मांची, अनेक रिवाजांची मुले शेजारी बसतात. वर्गात पूजा मांडा असे आम्ही म्हणत नाही, आणि म्हणूही नये. माती, दाणे, पाने, झाकलेला डबा यांना कोणाच्या घरी मज्जाव नाही. घरी ज्याला जे म्हणायचे ते म्हणावे.

आणखी एक सावधगिरी आपल्याच बाबतीत घ्यायला हवी. शरदात आकाश निरभ्र असते, हेही शेवटी तक्त्यावरचेच वाक्य, फक्त तक्ता आपला. २०२५ साली मराठवाड्यात आणि सोलापूर भागात नवरात्र पुरात उजाडले. शेतातली माती वाहून जाताना ज्या मुलाने पाहिले, त्याच्यापुढे निळे आकाश आणि पांढरे ढग रंगवायला ठेवणे हे मेपलच्या पानाइतकेच परके आहे. त्याला काय दिसले ते त्याला बोलू द्यावे, काढू द्यावे. तपकिरी खडू लवकर संपला तर दुसरा द्यावा.

खासगी शाळांत अडचण वेगळी आहे. तिथे ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ होते ती पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो जावा म्हणून. आदल्या रात्री आई कार्डशीटची पाने कापत बसते आणि सकाळी मूल ती हातात धरून उभे राहते. पाटीपूजनाला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली जाते, आणि दसरा संपताच त्याच बोटांत पेन्सिल कोंबून चौकटीच्या वहीत पाने भरून घेतली जातात. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला, ऑक्टोबर २०२२मध्ये त्याचा आराखडा आला, खेळातून शिकणे हा त्याचा कणा. धोरण वाचून नर्सरी बदलेल, असे मानण्याचा भाबडेपणा आमच्याकडे नाही. पालकांनी जूनमध्ये प्रवेश घेताना ‘लिहायला कधी शिकवता?’ एवढाच प्रश्न विचारला, तर शाळा त्याचेच उत्तर वर्षभर देत राहणार.

अंगणवाडीत तो दबाव कमी आहे, पण वेळही कमी आहे. सेविकेला वजने घ्यायची असतात, आहाराचा हिशेब ठेवायचा असतो, ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपवर नोंदी भरायच्या असतात, गावात कुठलेही सर्वेक्षण निघाले की तिलाच धाडले जाते. ‘पोषण भी, पढाई भी’ अशी घोषणा २०२३ साली झाली, ती चांगलीच आहे; पण पर्यवेक्षिका भेटीला आल्यावर आजही आधी नोंदवह्या उघडतात. अंगणवाडीच्या पन्नाशीच्या निमित्ताने शासनाला एखादी गोष्ट बिनखर्चाची करायची असेल, तर त्या भेटीचा क्रम उलटा करावा. आधी मुलांबरोबर बाहेर जाऊन यावे, थाळीत काय उगवले ते त्यांच्याकडून ऐकावे, आणि वह्या मुले जेवायला बसल्यावर बघाव्यात.