मागची चाकेही वळतात तेव्हा

बेंगळुरूच्या चिकपेठेत मोटार घेऊन शिरलेल्या माणसाला एक गोष्ट लवकरच कळते. आत जाणे सोपे असते, गाडी वळवून बाहेर काढणे कठीण. सोळाव्या शतकात केंपेगौडांनी वसवलेली ही पेठ मोटारींसाठी बांधलेली नाही. मग थोडे पुढे, थोडे मागे असे करत गाडी फिरवायची, मागे रिक्षांचे हॉर्न वाजत राहायचे आणि शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनी, "तरी म्हटलं होतं, रिक्षानं जाऊ," असे ऐकवायचे. पुण्याच्या पेठांत राहणाऱ्यांनाही हे चित्र अनोळखी नाही.

यावर एक उपाय बेंगळुरूनेच शोधला होता. २००१ मध्ये चेतन मैनी यांच्या कंपनीने शहराजवळच्या बोम्मसंद्र येथे 'रेवा' ही विजेवर चालणारी गाडी बनवायला सुरुवात केली. लांबी जेमतेम २.६ मीटर. पुढे दोन मोठी माणसे, मागे दोन मुले. साडेतीन मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ती सहज फिरे. आपल्या सर्वांच्या ओळखीच्या मारुती ८०० लाही त्यासाठी ४.४ मीटर लागत. पण रेवाचा उपाय म्हणजे गाडीच छोटी करणे. आजी-आजोबा, मुले आणि सामानासह गावी जाणाऱ्या कुटुंबाने काय करायचे?

गाडी लांब ठेवूनही ती कमी जागेत वळवता येते. त्यासाठी मागची चाकेही वळवावी लागतात.

घरात कपाट हलवण्याचा प्रसंग आठवा. पुढे एक जण, मागे एक जण. जिन्याच्या वळणावर पुढचा माणूस डावीकडे वळतो. मागचा नुसता त्याच्यामागे चालत राहिला, तर कपाट भिंतीला अडकते. अनुभवी माणूस अशा वेळी मागची बाजू उजवीकडे काढतो आणि कपाट जागच्या जागी फिरते. पण कपाट न फिरवता नुसते बाजूला सरकवायचे असेल, तर दोघेही एकाच दिशेने पाऊल टाकतात. चारही चाके वळवणारी गाडी नेमके हेच करते. वेग कमी असताना मागची चाके पुढच्यांच्या उलट दिशेला वळतात, वेग वाढला की त्याच दिशेला.

उलट वळण्याचा फायदा किती? पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ३.२ मीटर आहे आणि पुढची चाके सरासरी ३५ अंशांत वळली आहेत, असे धरू. मागची चाके १० अंश उलट वळवली, तर हिशेबाने हीच गाडी सुमारे २.५५ मीटर अंतराच्या गाडीसारखी वळते. म्हणजे मोठी गाडी वळणापुरती छोटी होते.

वेगात असताना मात्र हीच युक्ती घातक ठरेल. पुणे-बेंगळुरू महामार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगात समोर अचानक ट्रक आला, तर साध्या गाडीत आधी पुढची चाके वळतात, मग गाडीचे अंग फिरते आणि त्यानंतर मागचे टायर रस्त्याला तिरपा जोर देऊ लागतात. ही क्षणभराची दिरंगाई गाडीचा मागचा भाग झोलावण्यास पुरेशी असते. मागची चाकेही दोन-तीन अंश त्याच दिशेने वळली, तर तो जोर लगेच मिळतो आणि गाडी फारशी न गिरकता शेजारच्या लेनमध्ये सरकते. खरे तर पार्किंगच्या सोयीपेक्षा हाच गुण मोलाचा, पण शोरूममध्ये कौतुक होते ते पार्किंगचेच!

जपानच्या होंडा कंपनीने १९८७ मध्ये 'प्रील्यूड' या गाडीत ही सोय दिली, तीही संगणकाशिवाय. स्टिअरिंगपासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब दांडा नेला आणि मागे गिअरची अशी रचना केली की, स्टिअरिंग थोडे फिरवले तर मागची चाके त्याच दिशेला जात आणि खूप फिरवले तर उलट. वेग मोजायची गरजच नव्हती. वेगात कोणी स्टिअरिंग गरागरा फिरवत नाही आणि गल्लीत थोडके फिरवून भागत नाही, एवढे साधे निरीक्षण त्यामागे होते. इतकी साधी आणि चतुर कल्पना मोटारींच्या इतिहासात क्वचितच सापडेल. पण या सगळ्याने वजन आणि खर्च वाढे, त्यामुळे ही रचना फार पसरली नाही.

आता दांड्याची जागा तारांनी घेतली आहे. स्टिअरिंग किती फिरले, चाके किती वेगाने फिरत आहेत, गाडी किती गिरकते आहे, हे सेन्सर सतत टिपतात. संगणक कोन ठरवतो आणि विजेची मोटार मागची चाके ढकलते. मर्सिडिजच्या 'ईक्यूएस' या गाडीची लांबी ५.२ मीटर. मागची चाके १० अंश वळणाऱ्या प्रकारात ती १०.९ मीटर व्यासाच्या वर्तुळात वळते. साडेचार अंशांच्या प्रकारात त्यासाठी ११.९ मीटर लागतात. 'ईक्यूएस ५८०' ची जोडणी २०२२ मध्ये आपल्या चाकणला सुरू झाली, तेव्हा किंमत होती दीड कोटीहून अधिक. मध्यमवर्गीय कुटुंबाने तूर्त नुसते पाहून समाधान मानावे.

अशी गाडी कधी हाती आलीच, तर एक सवय बदलावी लागेल. डाव्या भिंतीला अगदी खेटून उभी केलेली गाडी काढताना स्टिअरिंग एकदम पूर्ण उजवीकडे फिरवू नका. पुढचा भाग बाहेर येतो, पण मागचा डावा कोपरा आधी भिंतीकडे सरकतो आणि नेमके तेव्हा तुमचे लक्ष समोर असते. आधी थोडे सरळ पुढे या, मागे जागा झाल्याचे आरशात पाहा आणि मगच वळा.