ताप उतरला, हात उठेनात



१९७३ साली बार्शीला चिकुनगुन्याची साथ आली होती. नंतर तीसेक वर्षे हा ताप दिसला नाही. २००५-०६ मध्ये परतला तो मराठवाडा-विदर्भ पिंजून काढत. २००६ साली देशातल्या संशयित रोग्यांचा सरकारी आकडा १३ लाखांवर गेला. २०२४ साली नागपूरकडे पुन्हा तेच.

ताप आठवड्यात उतरतो. सांधे मात्र काहींना महिनोन् महिने, क्वचित वर्षे सोडत नाहीत. नेमका दसरा-दिवाळीला कापूस फुटतो आणि वेचणाऱ्या बाईची बोटे मिटत नाहीत. वेचणीचा हिशेब किलोवर, म्हणजे मजुरीही गेली. पिकाचा पंचनामा होतो, बोटांचा कोण करणार?

एकाच घरात सून महिन्यात उठते, सासू वर्षभर कण्हते. वय, बाईची जात, आधीचे सांध्याचे दुखणे यांमुळे आजार लांबतो, हे पक्के आहे. शरीर आपले-परके ज्या जनुकांच्या आधारे ओळखते त्यांतली काही आमवाताशी जोडलेली आहेत. चिकुनगुन्यातही ती शोधली जात आहेत, निकाल अजून एकमुखी नाहीत. वाण आईबापांकडून येते, ते बदलता येत नाही. ताटाचे तसे नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के बायकांचे रक्त कमी निघाले. पांडुरोगाने चिकुनगुन्या होत नाही; पण सांधे धरलेले, त्यात अंगात रक्त नाही, मग थकवा कसा हटणार? ब-१२ कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, ड जीवनसत्त्व कमी पडले की हाडे-स्नायू दुखतात. सारे 'चिकुनगुन्याचेच' म्हणून सोसले जाते. नुसत्या भाकरीवर भागत नाही, ज्वारीला डाळीची जोड लागते. आणि तूर पिकवणारा देणेकऱ्याच्या तगाद्यापायी पोतेन् पोते बाजारात घालतो, पुढे तीच डाळ पावशेराने विकत आणतो! याला आहाराचे अज्ञान म्हणणाऱ्यांनी आधी भावाचे बोलावे.

डासाचेही तेच. हा दिवसा चावणारा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते तिथे रांजण-टाक्या भरून ठेवण्यावाचून इलाज काय? तरी भांडी झाका, आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा. आणि गुण येतो म्हणून कसल्याही पुड्या व सुया घेऊ नका. त्यांत स्टेरॉइड असले तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते.

बैठकीत ठराव येणार आहे: दुखणे तीन महिन्यांवर गेलेल्या प्रत्येकाची रक्त व ब-१२ तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत फुकट व्हावी. आपल्या गावात असे किती जण आहेत, मोजून वहीत लिहून आणा.