दात कशाने घासता, हे विचारा

गरोदर बाईला "बिडी-सिगारेट ओढता का?" असे विचारले, तर कामण-चिंचोटी पट्ट्यात बहुतेक जणी "नाही" म्हणतात आणि ते खरेही असते. "दात कशाने घासता?" असे विचारले की अनेकींचे उत्तर येते, "मिशरीने." मिशरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. घरात मात्र तिला दंतमंजनाचा मान असतो.

मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. मिशरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. दिवस पूर्ण होण्याआधीच्या प्रसूतीही त्यांच्यात जास्त होत्या.

मुलाच्या मनावर काय परिणाम होतो? निकोटिन धुरातून आले काय किंवा हिरड्यांतून, ते वारेतून बाळाच्या वाढत्या मेंदूपर्यंत पोहोचते. फिनलंडमध्ये गरोदर मातांच्या साठवलेल्या रक्तात निकोटिनचा अंश मोजण्यात आला. तो जितका जास्त, तितके मुलांमध्ये पुढे अतिचंचलतेचे, म्हणजे 'एडीएचडी'चे प्रमाण अधिक आढळले. पण स्वीडनमध्ये एकाच आईच्या मुलांची आपापसांत तुलना केली, तेव्हा धूम्रपानाशी असलेला हा संबंध बराच फिका पडला. म्हणजे आनुवंशिकता आणि घरची परिस्थिती यांचाही यात मोठा वाटा असावा.

म्हणूनच वर्गात एका जागी न बसणाऱ्या मुलाच्या आईला "तुझ्या मिशरीमुळेच हे झाले" असे सुनावणे शास्त्राला धरून नाही. तिला दोष देऊन मुलाला काहीच मिळत नाही. मिशरी सोडायला सांगण्यासाठी बाळाच्या वजनाचा पुरावाच पुरेसा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालीच सांगितले आहे की, प्रत्येक गरोदर स्त्रीला प्रत्येक तपासणीत धुराच्या आणि बिनधुराच्या अशा दोन्ही तंबाखूंबद्दल विचारावे. आशाताईंनी, परिचारिकांनी आणि आम्हा डॉक्टरांनी हा प्रश्न बाईला कळेल अशा भाषेत, न रागावता विचारला पाहिजे. मिशरी सोडताना डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. हे काही दिवसांचे असते, एवढे आधी सांगितले तरी धीर येतो. सासूबाईंनी डबी बाजूला ठेवली आणि नवऱ्याने घरात बिडी पेटवली नाही, तर काम आणखी सोपे होते. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी सल्लाही मिळतो.