लोकांस उत्तर कोणीं द्यावें?

नांदेडच्या गोदावरीघाटावर किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेंत चालतां न येणारें मूल कडेवर घेऊन एखादी माता निघाली, कीं चार माणसें थांबून पाहतात. कोणी ‘ग्रहण पाळलें नव्हतें काय?’ असें विचारतें, कोणी नवस सुचवितें. विचारणाराच्या मनांत दुष्टावा नसतो. पण दोष मातेच्या पदरीं पडतो.

वास्तविक सेरेब्रल पाल्सी हा विकार जन्मापूर्वीं, जन्मसमयीं किंवा त्यानंतर लवकरच मेंदूस इजा झाल्यानें होतो. ग्रहणाशीं त्याचा संबंध नाहीं, तो सांसर्गिक नाहीं, आणि बोलतांना अडखळणाऱ्या अशा कित्येक मुलांची बुद्धि उत्तम असते. लातूरजवळ हरंगुळ येथें अशा मुलांसाठीं ‘संवेदना’ हें केंद्र आहे.

एकत्र कुटुंबांत हें सारें एकट्या सुनेनेंच कां सांगावें? घरांतील वडील मंडळींनीं एक उत्तर ठरवून ठेवावें: ‘त्याच्या मेंदूस इजा झाली आहे. त्याचें नांव त्यालाच विचारा ना!’ सासूबाईंनीं पाहुण्यांदेखत असें म्हटलें, म्हणजे सुनेचा निम्मा भार उतरतो.

अज्ञानाची समजूत घालावी. हेटाळणी मात्र सोसूं नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्याच्या ९२ व्या कलमान्वयें चारचौघांत दिव्यांगाचा हेतुपुरस्सर अपमान करणारास ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊं शकतो. परंतु त्याआधीं घरच्या मंगलकार्यांत त्या मुलास सर्वांबरोबर पहिल्या पंगतीस बसवावें. पाहुणे घरच्यांकडे पाहूनच वागावयास शिकतात.