गुरांची गणती की वेतांची?

गाईच्या नावाने सभा भरवावयाची, ठराव करावयाचे, वर्गणी जमवावयाची. पण गोठ्यातील गाय गेल्या वर्षी का व्याली नाही हा प्रश्न मात्र कोणी विचारावयाचा नाही, अशी आपल्या समाजाची रीत पडली आहे. 2019 सालच्या पशुगणनेत या देशात गाईबैल 19 कोटींहून अधिक व म्हशी-रेडे सुमारे 11 कोटी भरले. हे आकडे ऐकून ज्यांची छाती फुगते त्यांस आमचा एकच प्रश्न आहे : यांतील वेळच्या वेळी विणाऱ्या माद्या किती? वखारीत पोती किती रचली आहेत एवढ्यावरून कोणताही शहाणा व्यापारी आपला नफा ठरवीत नाही. माल वर्षातून किती वेळा फिरला हे तो पाहतो. गोधनाचा हिशेब मात्र आपण अजून पोती मोजूनच करीत आहो.

हा हिशेब अवघड नाही. गाय सुमारे 280 दिवस गाभण असते. वर्षाचे 365 दिवस धरले तर उरले 85. त्यांतील पहिले 40-45 दिवस व्यालेल्या गाईचे गर्भाशय पूर्ववत् होण्यात जातात. राहिले 40 दिवस. आणि गाय माजावर येते ती दर 21 दिवसांनी. म्हणजे वर्षाला एक वेत हवे असेल तर मालकाच्या हाती दोनच संधी येतात. त्यांतही माज टिकतो 12 ते 18 तास. सकाळी माज दिसला तर सायंकाळी गाय भरवावी, हा नियम पाळावयाचा तर गोठ्यावर नजर हवी. म्हशीचे गणित याहून कठीण. तिचा गाभणकाळ सुमारे 310 दिवसांचा. शिवाय उन्हाळ्यात तिचा माज मुका असतो व पुष्कळदा रात्री येऊन जातो. म्हणून तिचे दोन वेतांतील अंतर 14-15 महिने राहिले तरी ते चांगलेच म्हटले पाहिजे. एक माज चुकला की 21 दिवस गेले, तीन चुकले की दोन महिने गेले. वैरण मात्र एक दिवसही थांबत नाही.

चौथ्या वर्षी प्रथम व्यालेली गाय पुढील आठ वर्षे दर तेरा महिन्यांनी विली तर आठ वेते देते. वीस महिन्यांनी विली तर पाच. गाय तीच, दावे तेच, खाणारे तोंडही तेच. तीन वेतांचे दूध व तीन वासरे मात्र बुडाली. हे नुकसान कोणत्याही वहीत लिहिले जात नाही, म्हणून ते कोणास दिसत नाही एवढेच.

दरवर्षी गाईस विण्यास लावणे हा तिच्यावर जुलूम नव्हे काय, असे काही सज्जन विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, पोटभर खाणारी निरोगी गाय आपण होऊनच माजावर येते. जी व्याल्यावर तीन तीन महिने माज दाखवीत नाही ती विश्रांती घेत नसून बहुधा उपाशी किंवा आजारी असते. कालवडही वयाने नव्हे, वजनाने माजावर येते. वासरपणी जिच्या वाट्याचे दूध व चारा आपण तोडला, ती पुढे उशिरा फळली तर दोष तिच्या दैवाचा नाही. खरा जुलूम यानंतर आहे. भाकड गाय पोसवत नाही म्हणून गरीब शेतकरी तिला सोडून देतो, आणि ती रस्त्यावर कागद चघळीत फिरते.

लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशनने 1928 साली हेच दुष्टचक्र दाखविले होते. चारा अपुरा म्हणून गाई नीट फळत नाहीत. त्या फळत नाहीत म्हणून कामाचे बैल मिळावेत या आशेने शेतकरी अधिक गुरे बाळगतो. आणि गुरे अधिक म्हणून चारा आणखी अपुरा पडतो. त्याच्याही आधी, 1883 साली, जोतीराव फुले यांनी जंगलखात्याने गुरांचे चरणे हिरावल्याबद्दल परकीय सरकारास धारेवर धरले होते. ते सरकार 1947 साली गेले. त्यानंतर गावोगावच्या गायरानांवर जी अतिक्रमणे झाली, त्यांचा दोष कोणत्या परकीयास द्यावयाचा?

आमच्या राज्यघटनेचा 48 वा अनुच्छेद गोवधबंदीसाठी नित्य पुढे केला जातो. तो अनुच्छेद आरंभापासून वाचावा, अशी कायद्याचे अभ्यासक या नात्याने आमची विनंती आहे. पशुसंवर्धनाची व्यवस्था आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने लावणे आणि जातींचे जतन करून त्या सुधारणे ही राज्याची कर्तव्ये तेथे प्रथम सांगितली आहेत. बंदीचा उल्लेख त्यांच्या मागून येतो. शेवटचे शब्द तोंडपाठ आणि पहिले विस्मृत, अशा वाचनाने गाईचे रक्षण होत नाही.

उपाय खर्चाचे नाहीत. जनावराच्या कानात 12 अंकी बिल्ला मारून काम संपत नाही. व्याल्याची, माजाची व भरविल्याची तारीख बिल्ल्यामागे चढली पाहिजे. भरविल्यानंतर दोन-तीन महिन्यांत गर्भतपासणी झालीच पाहिजे. नाहीतर गाय गाभण आहे या भ्रमात अर्धे वर्ष निघून जाते. गावाचे दूध विकत घेणाऱ्या संस्थांनी वंध्यत्व निवारणाची शिबिरे आपल्या खर्चाने नियमित भरवावीत; आटलेल्या गाईकडे पाठ फिरविणारा खरेदीदार उद्याचे स्वतःचेच दूध आटवीत असतो. गाईवर कर्ज देणारांनी व पेंड विकणारांनीही ध्यानात ठेवावे की, भाकड गाईच्या मालकाकडून ना हप्ता येतो ना उधारी फिटते. आणि गोग्रासासाठी दान करणाऱ्या धनिकांनी त्यातील काही भाग शेतकऱ्याच्या दारातील कालवडीच्या चाऱ्यासाठी व खनिज मिश्रणासाठी काढून ठेवावा. भाकड झालेल्या गाईला आसरा देणे हे पुण्य खरेच. पण ती अकाली भाकड होऊ न देणे हे त्याहून मोठे पुण्य आहे, आणि ते स्वस्तही आहे.