माझे मत गीतरामायणाला, पण...

दिवाळीत घर भरले की आमच्याकडे फराळाच्या ताटासोबत एखादा वादही येतोच. गेल्या दिवाळीत तो गाण्यांवरून झाला. "मराठीतला सगळ्यात श्रेष्ठ अल्बम कोणता?" असे विचारून पुतण्याने स्वतःच 'सैराट' हे उत्तर दिले. २०१६ च्या त्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत वाद्यवृंद बसवला, हा त्याचा मुद्दा. सूनबाईंनी 'आयुष्यावर बोलू काही'ची बाजू घेतली. मेहुण्यांनी 'शिवकल्याण राजा' पुढे केला. राज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली त्या १९७४ सालचा तो संच. रामदास आणि भूषण यांच्यापासून कुसुमाग्रजांपर्यंतचे शब्द, हृदयनाथांच्या चाली आणि लताबाईंचा आवाज. सौभाग्यवतींचे मत श्रीनिवास खळे यांच्या 'अभंग तुकयाचे'ला. "यात वाद कसला?" म्हणत त्या चकल्या तळायला निघून गेल्या.

शेवटी सगळे माझ्याकडे वळले. तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत कर्जप्रकरणे तपासली, त्यामुळे तारण पाहिल्याशिवाय मंजुरी देण्याची मला सवय नाही. मी दोन कसोट्या सांगितल्या. एक म्हणजे, गाण्यांचा क्रम बदलला तर काहीतरी बिघडले पाहिजे. नाहीतर तो अल्बम कसला, ती नुसती गाण्यांची मोळी. दुसरी अशी, की मूळ गायक आणि वाद्यवृंद बाजूला ठेवून गावातल्या मास्तरांनी पेटी-तबल्यावर ती गाणी म्हटली, तरी लोक जागचे उठता कामा नयेत.

या दोन्ही कसोट्यांना माझ्या मते पुरेपूर उतरते ते गीतरामायण. रामनवमीला, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले. पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक गीत. मध्ये अधिक महिना आल्याने बावन्नाऐवजी छप्पन गीते झाली. आकाशवाणीचे सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत. आमचे परभणी तेव्हा महाराष्ट्रात नव्हतेच, ते हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा गीतरामायण संपून सहा महिने उलटले होते. तरी पुढे आमच्याकडच्या रामनवम्या त्याच गीतांनी साजऱ्या झाल्या. राज्यांच्या सीमा सरकारने आखल्या. गाण्याने त्या विचारल्या नाहीत.

मेहुणे सहज हार मानणारे नव्हेत. ते म्हणाले, "भाऊजी, गीतरामायण हा अल्बम नव्हेच, तो रेडिओचा कार्यक्रम!" आक्षेप खरा आहे. मूळ प्रसारणात निरनिराळे गायक-गायिका होते. वसंतराव देशपांडे होते, माणिक वर्मा होत्या, मालती पांडे होत्या. ध्वनिमुद्रिका घरोघरी गेल्या त्या मात्र एकट्या फडक्यांच्या आवाजात. मुद्रिकेत रामही तेच आणि सीताही तेच. फडक्यांनी ते समर्थपणे पेलले, यात शंका नाही. पण बाईचे दुःख बाईच्या गळ्यातून ऐकायचे असेल, तर काय करायचे?

हा प्रश्न मला टोचतो. त्याचे कारण त्या दिवशी मी घरात सांगितले नाही, ते आज सांगतो.

माझी माय गंगाखेडकडची, म्हणजे जनाबाईच्या गावची. पहाटे जात्यावर बसली की ओव्या म्हणायची. त्यात विठ्ठल असे, माहेर असे आणि फार करून सीतेचा वनवास असे. गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, तरी ओव्या तिला तोंडपाठ होत्या. मी नोकरीला लागल्यावर टेपरेकॉर्डर घेतला आणि एका सुट्टीत तिला त्याच्यासमोर बसवले. "हे काय गाणं हाय का बाबा?" म्हणून आधी लाजली, मग तासभर गात राहिली.

पुढे १९८८ साली माझी बदली जिंतूरला झाली. तिथल्या एका सहकाऱ्याने गीतरामायणाच्या कॅसेटचा सगळा संच शनिवारी दिला, सोमवारी परत करायच्या बोलीवर. दोन दिवस मी डबल कॅसेटवर भरून घेत होतो. रविवारी रात्री एक कोरी कॅसेट कमी पडली. कपाटात नाव न लिहिलेली एक सापडली, तिच्यावर शेवटची गीते उतरवली. माय वारल्यावर तिचा आवाज शोधायला बसलो, तेव्हा त्या कॅसेटवर फडके सीतात्यागाचे गीत गात होते. मागच्या कडेची प्लास्टिकची टिकली मोडून ठेवली असती, तर तिच्यावर काही भरता आले नसते. बँकेत चुकीच्या नोंदीला उलटी नोंद करता येते. इथे ती सोय नव्हती.

म्हणून मला वाटते, सर्वश्रेष्ठ कोण हा वाद आपण घालतो तो फक्त ध्वनिमुद्रित झालेल्यांमध्ये. ज्यांच्यासमोर कुणी यंत्र ठेवलेच नाही, त्या उमेदवारांचे अर्जच दाखल झालेले नसतात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी हे वेळीच ओळखले. त्यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आपल्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ साली ध्वनिमुद्रित झाला, तो याच कामात. त्यांच्या ओव्यांत वनात रडणाऱ्या सीतेची समजूत बोरी-बाभळी घालतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी खुर्चीतून उठलो नाही. त्यात मला मायचा सूर लागला.

माझे मत आजही गीतरामायणालाच आहे. दोन्ही कसोट्या मी मागे घेत नाही. वाचकांनीही आज दुपारच्या जेवणानंतर घरात हा वाद जरूर घालावा. पण त्या आधी एक काम करावे. घरात म्हातारी आई, आजी, आत्या असेल, तर खिशातला मोबाइल तिच्यासमोर ठेवावा आणि तिला गायला सांगावे. ती लाजेल, "हे काय गाणं आहे का?" म्हणेल. थोडा धीर धरावा. आणि झाल्यावर त्याला नाव देऊन दोन ठिकाणी जपून ठेवावे.